भुईवरून उठायचं कसं

दवाखान्यातल्या त्या पोरीनं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मावशी, घरी दिवसभर तुमच्याजवळ कोण असतं?" आणि मी तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, "भरलं घर आहे माझं. माणसांची काय कमी?"

भरलं घर! पोरगा आणि सून बुटीबोरीला कंपनीत. घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक, आणि माझी मोठी जाऊ. भासरे, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ, गेल्यापासून ती आमच्यातच राहते. धानाच्या रोवण्याचे, रोपं लावायचे दिवस आले की त्या दोघांतलं एकही माणूस सकाळी आठनंतर घरात सापडत नाही, अंधार पडेपर्यंत शेतावर, बांधीत. पण परक्या पोरीसमोर कोण सांगेल की आमच्याकडे आजारी बाईपाशी बसायला माणूस नाही? आमच्या पवनी तालुक्यात तरी कोणी सांगणार नाही. घराची अब्रू असते.

झालं होतं असं. उन्हाळा संपत आला होता. सकाळी मी भाताचं आंधण ठेवत होते आणि डाव्या हातातून पाण्यानं भरलेला गंज सुटला. पाणी पायावर सांडलं तरी मला कळलं नाही, जाऊ ओरडली तेव्हा कळलं. हात माझाच, पण मला जुमानेना. मग पायही गेला. मालकांनी शेजाऱ्याची गाडी काढली, आधी पवनी, तिथून भंडारा. लकवा, डॉक्टर म्हणाले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, डावं अंग मात्र लुळं पडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण मान हलवून म्हणायचा, "बरं झालं, उजवा हात तरी वाचला." माझं डोकंच फिरायचं. एका हातानं ओला कपडा पिळून दाखवा म्हणावं एकदा, मग सांगा बरं झालं का वाईट.

पायाचा व्यायाम करून घेणारे सर वेगळे होते. ते चालवायचे, मोजायचे, जायचे. ही पोरगी निराळीच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. जाऊला ते काही बोलता येईना, म्हणून ती तिला कामं शिकवणारी मॅडम म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तेच नाव बरोबर होतं. पहिले दोन दिवस तिनं मला हात लावला नाही, नुसतं विचारत राहिली. सकाळी उठल्यावर आधी काय करता? खाट केवढी उंच? आंघोळ बसून की उभ्यानं? संडास घरात की मागच्या अंगणात? पाणी कुठून नेता, बादलीत की डब्यात? मी जाऊला हळूच म्हटलं, "ही काय जनगणनेले आली का वो?"

मग तिनं एकेक काम घेतलं आणि त्याचे तुकडे पाडले. पोलकं घालायचं तर आधी दुबळा हात, मग धडका. काढताना उलट. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी ते पोलकं उलटंपालटं करून शेवटी तिच्या अंगावर फेकलं. गाऊन घाला म्हणाली तेव्हा तर मी तिला असं काही ऐकवलं की बाजूच्या खाटेवरची म्हातारी हसायला लागली. छप्पन वर्षांची बाई, गावात गाऊन घालून फिरू? पोरगी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी माझंच पोलकं हुक काढून आणि बुटांना असते तशी चिकटपट्टी लावून घेऊन आली. नुसतं दाबलं की ते बंद झालं. महिन्याभरात पहिल्यांदा मी स्वतःचे कपडे स्वतः घातले होते, पण तिला शाबासकी द्यायचं माझ्या जिवावर आलं.

त्यानंतर आलं ते अवघड जागचं. लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आपल्यात एक हात जेवणाचा आणि एक हात धुण्याचा. माझा धुण्याचा हात गेला होता. इतके दिवस जाऊच मला धुवायची. मी भिंतीकडे तोंड करायची. तिनं कधी चकार शब्द काढला नाही, नाकाला पदर लावला नाही, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरगी म्हणाली, "उजव्या हातानं धुवा. साबणानं हात स्वच्छ करा आणि मग त्याच हातानं जेवा."

"अवो माय!" जाऊ उडालीच. "त्याच हातानं जेवंल ते?"

"हात तुमचा वापरायचा की त्यांचा, एवढंच ठरवायचं आहे," पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली.

मी ठरवलं. त्या दिवशी मी रडले आणि दोन दिवस चमच्यानं जेवले. तिसऱ्या दिवशी वरणभात आला. चमच्यानं कालवलेल्या भाताला काय चव असते? हात तीनदा धुतला आणि जेवले.

लोकांना वाटायचं, हिची प्रगती होऊन राहिली, ही खुश असेल. खुश कुठली! मला भीतीनं घेरलं होतं. मालक रोज गावाहून फोन करायचे आणि जाऊ तो माझ्या कानाला लावायची. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले, म्हणाले एक दिवस. काही दिवसांनी म्हणाले, पऱ्हे वीतभर झाले. त्यांच्या आवाजात आनंद असायचा आणि मी दिवस मोजायची. पऱ्हे वाढले म्हणजे रोवणा जवळ आला. रोवणा आला म्हणजे मी घरात एकटी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. संडास मागच्या अंगणात, अंगण ओलं, पाय असा. पडले तर? कोणाला कळणार? गल्लीतली सगळी माणसं आपापल्या बांधीत असतात त्या दिवसांत, गावात आवाज द्यायला म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरतात. मी ओट्यापर्यंत सरपटत जाईन का तिथेच पडून राहीन, पडून राहिले तर मुंग्या लागतील का, हे असलं काही मी दिवसभर मनात घोळवत राहायची. कोणाजवळ बोलायची सोय नव्हती, कारण मी सांगून बसले होते, भरलं घर आहे.

मग मी आपल्या डोक्यानं एक उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. बांधीत राबणाऱ्या बायांना ही युक्ती नवी नाही. पाणी नाही प्यालं तर जावं लागत नाही. मी ठरवलं, रोवण्याचे महिनाभर दिवस असेच काढायचे, आणि त्याची सवय दवाखान्यातच करून घ्यायची. सकाळी चहाचे दोन घोट, मग सरळ संध्याकाळी. चार दिवसांत लघवीला आग व्हायला लागली, डोकं गरगरायला लागलं. चालताना झोक जायचा. व्यायामवाले सर म्हणाले, या मागे का चालल्या?

पोरीनं माझ्या खाटेशेजारची बाटली उचलून पाहिली. काठोकाठ भरलेली. "मावशी, ही कालचीच बाटली आहे का?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"पाणी का पीत नाही?"

"तहान नाही लागत."

"या उकाड्यात?"

तिनं सोडलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा तोल सुटला. "कोणी नसते घरी!" मी ओरडले. "झालं समाधान? कोणी नसते! रोवण्यात मी एकटीच पडून राहीन, मले कोण नेईल मांगं? खोटं बोलली मी तुमच्याशी!" वॉर्डातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. जाऊ खाली पाहत पदराचं टोक पिळत बसली. तिची चूक नव्हती, तरी तिचाच चेहरा पडला, आणि मला तिच्यासमोर आणखीच लाज वाटली.

पोरगी माझ्या खाटेवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. बाटलीचं झाकण उघडत म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर मी वेगळं शिकवलं असतं. चालणं झालं. पडल्यावर उठणं राहिलं. उद्या तुम्हाला खाली निजवते."

खाली.

खाली घेण्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, कारण ती शहरातली. आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नसतो. भुई सारवायची, त्यावर निजवायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालायचं. सासऱ्यांना खाली घेतलं तेव्हा भुई मी सारवली होती. हात भरलेलेच होते माझे. चारजणांनी त्यांना उचलून ठेवलं आणि त्यांनी एकदा वर छपराच्या कवेलूंकडे पाहिलं. मला आजही वाटतं की त्यांना कळलं होतं. सासूच्या वेळीही भुई मीच सारवली. भासऱ्यांच्या वेळी जाऊला रडण्यात भान नव्हतं, म्हणून मी. त्या तिघांतलं कोणी भुईवरून उठलं नाही.

रात्रभर मी पोरीला काय सांगून टाळायचं याचा विचार करत होते. सकाळी ती चटई घेऊन आली, सोबत एक आयाबाई. जाऊ चहा आणायला खाली गेली होती. दोघींनी मला धरून हळूहळू खाली बसवलं, मग आडवं केलं. फरशी गार होती. छताचा पंखा इतका वर गेला की मला गरगरलं. पोरगी माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, म्हणाली, "काही नाही होत, मी आहे ना." मला म्हणायचं होतं, उचल मला, आत्ताच्या आत्ता उचल, पण आवाज निघेना. मी आढ्याकडे डोळे फाडून पाहत राहिले.

तेवढ्यात जाऊ दारात आली.

तिनं काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगू शकते. आजारी बाई खाटेवरून खाली घेतलेली, डोळे वर लागलेले, डोक्याशी कोणी गुडघे टेकून. हे तिनं आमच्या घरात तीनदा पाहिलं होतं. चौथ्यांदा विचारायला ती थांबली नाही. चहाचा ग्लास तिथेच पडला आणि "लहाने वो!" असा तिनं टाहो फोडला की नर्स धावत आल्या. पोरगी तिच्या मागे धावली, पण मला अर्धवट सोडून तिला लांब जाता येईना. आयाबाईनं मला उचलून बसवेपर्यंत जाऊनं व्हरांड्यातून गावाला फोन करून टाकला होता. "तिले खाली घेतलं, लवकर या." एवढंच बोलली आणि रडत भिंतीला टेकून बसली.

मी बसलेली पाहून ती गोंधळली. मग मला मिठी मारून रडली. मग मला शिव्या दिल्या. उलट फोन लावला तर मालक उचलेनात. गाडीत बसले असतील, रडून राहिले असतील, कोणाला फोन ऐकू येतो?

दोन तासांनी ते आले. मालक आणि गल्लीतले तिघं पुरुष. मी खाटेवर मांडी घालून मुरमुरे खात होते. मालक दारात थबकले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला, डोळे लाल. "तू..." एवढंच निघालं त्यांच्या तोंडून. सोबतच्या एकाला हसू फुटलं, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. मीही हसले असते. पण माझी नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. खिशातून तुळशीची पानं डोकावत होती.

"ते कायले आणलं?" मी विचारलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "घाईघाईत... हाताले लागलं, घेतलं."

हाताले लागलं म्हणे! अंगणात वाकून खुडल्याशिवाय तुळस हाताला लागते का? मला संताप आला, आणि संतापाच्या खाली भलती थंडी वाजली. मला कळलं की जाऊचा फोन यायच्या आधीपासून हा माणूस त्या फोनची वाट पाहत होता. गावही पाहत होतं. कोणाला ऐकून आश्चर्य वाटलं नव्हतं. पानं खुडायची, गाडी काढायची, सगळं कसं बिनबोभाट जमलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मीही वाटच पाहत होते.

मी मुरमुऱ्याचं ताट बाजूला केलं आणि पोरीला म्हटलं, "मॅडम, घाला ते चटई."

पाच दिवस तिनं मला रोज खाली निजवलं. मी रोज तिला काही ना काही बोलले. एकदा कसाबाची औलाद म्हटलं, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आधी नुसतं पडून राहायचं, लांब श्वास घ्यायचा, कुठे मोडलंय का, दुखतंय का ते पाहायचं. घाई करायची नाही, घाई केली की माणूस सरळ उठून बसायला पाहतो आणि पुन्हा आपटतो. दुबळा हात पोटावर घ्यायचा, धडक्या कुशीवर वळायचं, कोपरावर भार, मग तळव्यावर, मग एका बाजूनं बसतं व्हायचं. बसून बुडावर सरकत जायचं एखाद्या जड वस्तूपर्यंत. तिच्यावर उजवा हात रोवायचा, गुडघ्यावर यायचं, धडका पाय पुढे टाकायचा आणि जोर. वर आलं की वळून बूड टेकायचं. तुकडे तुकडे. पोलक्याचे पाडले तसे माझेही तिनं पाडले.

मालकांना तिनं एक दिवस पाहायला बसवलं. हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. मी कोपरावर आले आणि थरथरले तर ते झेपावलेच. तिनं परत बसवलं. परत झेपावले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर थांबा." ते बाहेर गेले आणि व्हरांड्यात कठड्याला धरून उभे राहिले. एवढा बैलाची वेसण धरणारा माणूस, त्याला ते बघवेना.

घरी आले तेव्हा पऱ्हे काढणीला आले होते. मालकांनी मागच्या दारापासून संडासापर्यंत बांबूचा कठडा बांधला होता, आणि पोरीनं सांगितलं तशी मध्ये भोक पाडलेली खुर्ची आत ठेवली होती. आठ दिवस बाया भेटायला आल्या, बसल्या, माझ्याकडे पाहून हळहळल्या आणि उठून गेल्या. मग गावात ट्रॅक्टरची घरघर सुरू झाली. एका सकाळी जाऊनं माझा भात झाकून ठेवला, पाण्याचा गंज हाताशी ठेवला, आणि पाय निघेना म्हणून उंबऱ्यात उभी राहिली.

"जाय ना आता," मी म्हटलं. "डोक्यावर काहून उभी आहेस?"

ती गेली. घर इतकं शांत झालं की मला माझंच श्वास घेणं ऐकू यायला लागलं. त्या दिवशी मी दोनदा कठडा धरून मागे गेले आणि दोन्ही वेळा परत येऊन खाटेवर बसले. पाणी मात्र प्यायले, दर तासाला प्यायले, डोळे मिटून, औषध प्यावं तसं. दुसरा दिवसही असाच गेला.

तिसऱ्या दिवशी पडले.

मागून येऊन मधल्या खोलीत शिरले होते. पाय ओला होता, भुई आता सिमेंटची. डावा पाय कुठे टेकला मला कळलंच नाही. डोळ्यांसमोर भिंत तिरपी झाली आणि मी खाली. डोकं वाचलं, खांदा लागला. पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग वर पाहिलं. वर कवेलू होते, आमच्याच घरचे, त्यांच्या फटीतून येणारा उजेड, आणि मला सासऱ्यांचे डोळे दिसले.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. दवाखान्यात पोरगी होती, आयाबाई होती, दारामागे वॉर्ड होता. इथे कोणी नव्हतं. मी तिनं सांगितलेलं सगळं विसरले. सरळ उठून बसायला गेले आणि परत आपटले. दुसऱ्यांदा गेले, परत आपटले. मग मी रडायला लागले, हमसून हमसून, लेकरासारखी. वाटलं, आता झालं. दिवे लागेपर्यंत असंच. संध्याकाळी ती दोघं येतील आणि मला इथूनच उचलतील.

किती वेळ गेला सांगता येत नाही. रडून रडून दमले, आणि दम खाताना लांब श्वास आपोआप घेतला गेला. दुखतं कुठे? खांदा. मोडलं काही? नाही. मी डावा हात उजव्या हातानं धरून पोटावर ठेवला. तो थंड होता. उजव्या कुशीवर वळले. कोपर टेकलं, घसरलं, परत टेकलं. तळवा. बसले.

खाट चार हातांवर होती. बुडावर सरकत सरकत तिच्यापाशी गेले, माचव्यावर हात रोवून जोर दिला तर खाटच सरकली. सिमेंटवरून चर्रकन भिंतीपर्यंत गेली आणि मी तोंडावर येता येता वाचले. बाजेवर भरवसा नको, जड वस्तू पाहा, असं ती म्हणाली होती की नाही आठवेना. चारीकडे पाहिलं. कोपऱ्यात खायच्या धानाचं पोतं आडवं पडलेलं होतं, गच्च भरलेलं. दोघांना ते हलत नाही. पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

मी गेले. मध्ये तीनदा थांबले. लुगडं गुडघ्यात अडकलं, दातांनी ओढून सोडवलं. पोत्यावर हात ठेवला, ते हललं नाही. गुडघ्यावर आले. उजवा पाय पुढे टाकायला गेले, पडला नाही. परत. परत. चौथ्यांदा पडला. आणि मी "माय वो!" अशी जी काय ओरडले आणि जोर दिला, ती वर आले आणि पोत्यावर धपकन बसले. घामानं पोलकं भिजलं होतं. हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं.

मान वळवली तर मागच्या दारात मालक उभे.

मांड्यांपर्यंत चिखल. एका हातानं चौकट धरलेली, दुसरा हात तोंडावर.

"कधी आले?" मी विचारलं.

त्यांनी खाली भुईकडे पाहिलं.

"मी इचारून राहिली, कधी आले तुमी?"

"तू रडत होती तवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अन् उभे राहिले तिथं? मले मरू देत होते का? भुईवर पडलेली बायको पाहून राहिले तमाशासारखी! हात नव्हते का तुमाले?"

त्यांनी तोंडावरचा हात काढला. खालचा ओठ चावलेला होता, रक्त आलं होतं. "मी उचललं असतं," ते म्हणाले. "अन् मंग उद्या?"

मी पोत्यावर, ते दारात. ते आत आले नाहीत, मीही ये म्हटलं नाही. मग लांबून कुणीतरी त्यांना हाक मारली. बांधीवर रोपांच्या पेंड्या संपल्या असाव्यात, बाया चिखलात उभ्या असतील.

"जाऊ का?" त्यांनी विचारलं.

मला म्हणायचं होतं, थांबा. खांदा ठणकत होता, भीती जराही कमी झाली नव्हती, उलट आता ती नेमकी कशाची हे कळलं होतं. आजचा अर्धा दिवस बाकी होता आणि उद्याचा पूर्ण.

"जा," मी म्हटलं. "बाया खोळंबल्या असतील."

ते अंगणातून गेले, वळून न पाहता. वळून पाहिलं असतं तर मी हाक मारली असती.